रायबाची नेमणूक

महाराष्ट्रात लग्न लांबल्यामुळे अजरामर झालेला नवरदेव एकच, रायबा मालुसरे. वडील लग्नाचं आमंत्रण द्यायला गेले आणि कोंढाण्याचा विडा उचलून परत आले, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पुढचंही ठाऊक असतं. फेब्रुवारी १६७० ची ती रात्र, तो कडा, उदेभान, शेलारमामा. गड येतो, सिंह जातो, शाहीर डफ खाली ठेवतो आणि श्रोते चहाला उठतात. २०२० साली ‘तान्हाजी’ सिनेमा बघून डोळे पुसत बाहेर पडलेली मंडळीही कोंढाण्यावरच थांबली. मांडव घालून बसलेल्या त्या पोराचं पुढं काय झालं, असं विचारणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

पुढं असं झालं, की त्याला नोकरी लागली. हुद्दा किल्लेदाराचा. आणि नेमणूक आमच्या चंदगड तालुक्यात.

सरकारी नोकरीतल्या वाचकांच्या पोटात इथं हलकीशी कळ आली असेल. येणारच. चंदगड हे कोल्हापूर जिल्ह्याचं दक्षिणेकडचं शेवटचं टोक. नकाशात बघायचं तर मान खाली घालावी लागते आणि प्रत्यक्षात यायचं तर जिल्ह्याच्या गावापासून शंभरावर किलोमीटर कापावे लागतात. ‘चंदगडला बदली’ हे दोन शब्द घरात उच्चारले, की आधी बायको गप्प होते, मग सासुरवाडीहून फोन येतो आणि संध्याकाळपर्यंत आमदारांचा कोण ओळखीचा आहे याचा शोध सुरू होतो. हितचिंतक येऊन धीर देतात. “हवा चांगली आहे हो तिकडची,” म्हणतात. ज्या गावाबद्दल सांगण्यासारखं काही नसतं, त्याची हवा चांगली असते. पाऊस फार, नेटवर्क नाही, हत्ती येतात, असं सगळं ऐकून माणूस कोरड्या तोंडानं हजर होतो. मग तीन वर्षांनी काजूची पिशवी, फणस आणि ओले डोळे घेऊन निघतो. येताना रडत येतो नि जाताना रडत जातो, ही गोष्ट महाराष्ट्रातला प्रत्येक आडवळणी तालुका स्वतःची म्हणून सांगतो. आम्हीही सांगतो. फक्त आमच्याकडे फणस मोठे आहेत.

रायबाची गोष्ट मात्र निराळी. त्याची नेमणूक झाली ती पारगडावर. शिवाजी महाराजांनी १६७६ च्या सुमारास सह्याद्रीच्या अगदी काठावर हा किल्ला बांधला. खाली कोकण, पलीकडे गोव्याचे पोर्तुगीज, शेजारी सावंत. म्हणजे तिन्ही बाजूंनी कामाला तोटा नाही. गडावर सांगतात, की महाराज स्वतः आले आणि रायबाला नि त्याच्या माणसांना म्हणाले, आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर गड जागता ठेवा.

आता हा हुकूम आस्थापना विभागाच्या नजरेनं बघा. पदनाम आहे. ठिकाण आहे. कर्तव्यसूची आहे, जागणे. कालावधीच्या रकान्यात मात्र ‘आचंद्रसूर्य’ असं लिहून ठेवलंय. पुढचं सगळं त्या एका नोंदीमुळे झालं. महाराज गेले, संभाजीराजे गेले, पेशवाई आली नि गेली, कंपनी सरकार आलं, राणीचं सरकार आलं, स्वातंत्र्य आलं, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. कुणीच कार्यमुक्तीचा आदेश काढला नाही. चंद्र-सूर्य अजून आहेत. तेव्हा मालुसरे आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मावळ्यांच्या घराण्यांचे वंशज अजून गडावर आहेत. साडेतीनशे वर्षं होत आली. एकाच ठिकाणी तीन वर्षांपेक्षा जास्त सेवा झाली म्हणून ज्यांच्या तक्रारी होतात त्यांनी यातून जो घ्यायचा तो दिलासा घ्यावा.

पारगडाला गेल्यावर पहिल्यांदा दिसते तोफ. आणि ऊन असेल तर तोफेशेजारी सुपात वाळत घातलेल्या मिरच्या दिसतात. बाहेरगावचा किल्लेप्रेमी इथंच गोंधळतो. त्याला ओसाड किल्ल्यांची सवय असते. पडका बुरूज, निवडुंग, ‘बंटी लव्हज पिंकी’, आणि एखादं टाकं ज्यातलं पाणी पिण्यायोग्य असल्याचं पुस्तकात लिहिलंय. इथं भवानीचं मंदिर आहे, मारुती आहे, तळी आहेत, तटबंदी आहे, तीन बाजूंना छातीत धडकी भरवणारे कडे आहेत, पण मधेच कुणाचं तरी अंगण लागतं, कोंबडी आडवी जाते आणि ओट्यावरून प्रश्न येतो, “कुठनं आलासा पावणं?” इतिहासाला असा उलटा प्रश्न विचारायची सवय नसते. ट्रेकर चाचरतो.

एक गट मी बघितलाय. गळ्यात भगवे पंचे, डोक्याला बांधलेले छोटे कॅमेरे, पाठीवर इतकं सामान की रायबा सोळाशे शहात्तरला एवढं घेऊन आला नसेल. पायऱ्या चढून वर आल्याबरोबर त्यांनी जोरात गर्जना केली. गडावरची कुत्री भुंकायला लागली. एक म्हातारी दारातून बाहेर आली, हात कपाळावर धरून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “पोरं चांगली हाईत. खरं सकाळी सकाळी वरडत्यात कशाला?” त्यातला म्होरक्या पुढं झाला. दाढी कोरलेली, अभ्यास केलेला. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येणाऱ्या माणसाला त्यानं गाठलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, “काका, या गडावर तानाजी मालुसऱ्यांचे वंशज राहतात ना? त्यांचं दर्शन कुठं होईल?”

काका म्हणाले, “थांबा वाईच. एवढी वैरण टाकून येतो.”

पोरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघायला मी पुन्हा तिथं जायला तयार आहे. वंशज म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर जिरेटोप असावा. इथं समोर मळलेली बंडी, गुडघ्यापर्यंत चिखल आणि कानावर विझवून ठेवलेली बिडी. सगळे वाकून पाया पडले. काका मागं सरकले. त्यांना म्हैस पिळायची होती. तानाजींची तलवार आणि कवड्यांची माळ घराण्यात जपल्याचं सांगतात, ते सगळं नंतर निवांत, चहाबरोबर. आधी म्हैस. साडेतीनशे वर्षं गड जागता ठेवायचा म्हणजे काय, तर रोज सकाळी उठून कुणीतरी म्हैस पिळायची. पोवाड्यात हे कडवं नाही, आणि बरंच आहे. कारण वीररसात धारेचा आवाज बसवणं कठीण.

माझ्या मनात मात्र नेहमी गडावरचा शाळेचा वर्ग येतो. चौथीचं ‘शिवछत्रपती’ उघडलंय. गुरुजी कुठूनतरी बदलून आलेले, थोडे उदास, पावसानं छत्री उलटी झालेली. धडा वाचून संपल्यावर ते रिवाजाप्रमाणे प्रश्न विचारतात, तानाजीच्या मुलाचं नाव काय? अख्ख्या महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर ‘रायबा’ असं येतं. इथं मागच्या बाकावरून ‘आमचं आज्या’ असं आलं, तर गुण द्यायचे की कापायचे?

असा किल्ला जगाच्या दुसऱ्या टोकाला असता, तर काय झालं असतं बघा. आयर्लंडमध्ये तर ‘टायडी टाउन्स’ नावाची देशभराची स्पर्धाच आहे, १९५८ पासूनची. खेडी आपापसात चुरशीनं नटतात. दारांना रंग, खिडकीत फुलांच्या कुंड्या, पुलाच्या कठड्यावर फुलं, आणि गावात जे काही जुनं म्हणून असेल त्याच्यावर पाटी. जुनं फारसं नसलं तरी पाटी असते. एखाद्या कवीचा मामा इथं घोड्याला पाणी पाजत असे, एवढ्या भांडवलावर ती माणसं चहाचं दुकान, पोस्टकार्डं आणि उन्हाळी महोत्सव काढतात. आपल्याकडेही संत गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान २०००–०१ पासून आहे. पथक यायच्या आदल्या रात्री गावागावांत कसा चुना मारला जातो तेही सगळ्यांनी बघितलंय. पण कवीचा मामा नि घोडा एवढ्यावर गाव चालवायची हिंमत आपल्यात नाही. आपल्याकडे प्रत्यक्ष सिंहाच्या घरातली माणसं आहेत, तरी आपण फलकावर अंतर चुकीचं टाकून मोकळे होतो.

११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये युनेस्कोच्या समितीनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. कोल्हापूर जिल्ह्याचा मान पन्हाळ्याला मिळाला. पन्हाळ्यावर पेढे वाटले गेले असतील, वाटलेच पाहिजेत. पारगड यादीत नाही. गडावर ही बातमी सांगितली तर काय होईल याची मी कल्पना केली. “बरं झालं पन्हाळ्याचं,” म्हणतील. मग विचारतील, “खरं त्या मोर्ल्याच्या रस्त्याचं काय?”

हा मोर्ल्याचा रस्ता म्हणजे गडाचा दुसरा इतिहास. मोर्ले हे खाली कोकणात, दोडामार्ग तालुक्यात. पारगडाच्या कड्यावर उभं राहिलं तर ते जवळजवळ पायाखाली. पाय घसरला तर दोन मिनिटांत पोचाल. गाडीनं जायचं म्हटलं की मात्र घाट शोधत लांबचा वळसा. म्हणून पारगड–मोर्ले रस्ता व्हावा, ही मागणी पिढीजात आहे. निवेदनं झाली, उपोषणं झाली, पाहणी झाली, पाहणीची पाहणी झाली. मावळे दोर लावून कडे चढले त्या घराण्यातली माणसं उतरायला रस्ता मागतात, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांना शोभेची वाटत नसावी. पण दवाखाना गाठायचा असतो तेव्हा घोरपड उपयोगी पडत नाही.

तालुक्यात किल्ले आणखी तीन आहेत. कलानिधीगड, गंधर्वगड आणि महिपाळगड. पैकी गंधर्वगड आणि महिपाळगड यांच्यावरही गावं नांदती आहेत. चंदगडकराला किल्ला म्हणजे जाऊन येण्याची जागा वाटत नाही, तिथं कुणाची तरी बहीण दिलेली असते. कलानिधीगड शांत आहे, नावाला जागून. गंधर्वगडावर चाळोबाचं देऊळ आहे. महिपाळगडाच्या पायथ्याशी देवरवाडीला वैजनाथाचं जुनं मंदिर आहे आणि तिथं सोमवारी जी गर्दी होते, त्यातली निम्मी बेळगावची. बेळगावकर महिपाळगडाला ‘आमच्या इथला किल्ला’ म्हणतात. एवढ्या प्रेमानं म्हणतात की दुरुस्त करायला जीभ रेटत नाही. शिवाय त्यांचंही फार चुकत नाही.

कारण आमचा तालुकाच मुळात बदलीवर आलेला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं. राज्य पुनर्रचनेचा कायदा आला, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि जाताना कायद्यानं एक अपवाद केला, चंदगड तालुका सोडून. तो मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. बाकीच्या बदल्यांत माणूस हलतो आणि गाव जागेवर राहतं. इथं माणसं जागेवर, घरं जागेवर, ताम्रपर्णी नदी जागेवर, आणि रातोरात सगळ्या तालुक्याची बदली झाली. भत्ता नाही, रुजू व्हायला मुदत नाही. अजूनही एखाद्या घरात ट्रंक उघडली तर आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘जि. बेळगाव’ आणि वडिलांच्या दाखल्यावर ‘जि. कोल्हापूर’ दिसतं. जन्म एकाच खोलीतला, बाज तीच, कदाचित सुईणही तीच. जातीच्या दाखल्यासाठी दोन्ही कागद घेऊन गेलं, की काउंटरपलीकडचा तरुण विचारतो, “तुमचे आजोबा इकडे कधी स्थलांतरित झाले?”

हे काय सांगणार? आजोबा अंगणाबाहेर पडले नाहीत, जिल्हा स्थलांतरित झाला.

बदलीनं गैरसोय झाली ती अशी. कोल्हापूर शंभरावर किलोमीटर, बेळगाव चाळीसेक. म्हणजे सरकार कोल्हापूरला आणि बाकी सगळं बेळगावला. लग्नाचा बस्ता बेळगाव, दात काढायचा तर बेळगाव, कुंदा आणायचा तर अर्थातच बेळगाव, मुलगी द्यायची तरी बेळगावकडचं स्थळ बघतात. कोल्हापूरला आम्ही फक्त शिक्का मारून घ्यायला जातो. पहाटेची एसटी धरायची, डुलक्या काढत अकराच्या सुमाराला उतरायचं, कचेरीत जावं तर साहेब मीटिंगला, मीटिंग संपावी तर जेवणाची सुट्टी, सुट्टी संपावी तर ‘झेरॉक्स आणा’, आणि झेरॉक्स आणावी तर परतीची शेवटची गाडी सुटायची वेळ. अंबाबाईचं दर्शन आमच्याइतकं वरचेवर खुद्द कोल्हापूरकरांना होत नसेल. काम नाही झालं की देवीला जातो.

आणि रताळ्यांचं दुःख वेगळंच. आमच्याकडच्या लाल मातीत रताळी चांगली येतात. ती ट्रॉलीत भरून बेळगावच्या मार्केट यार्डात जातात आणि तिथून थेट उत्तरेला, दिल्लीपर्यंत. शिवरात्रीला तिकडे कुणीतरी भक्तिभावानं उकडलेलं रताळं खातो आणि म्हणतो, बेळगावचं आहे. १९५६ ला आम्हाला बेळगावातून काढलं, रताळ्यांना अजून कळवलेलं नाही. काजूचीही तीच गत. तालुक्यात कारखान्यांच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, बायका दिवसभर बी फोडतात, हातांना चिकाचे डाग पडतात. गोव्याहून परतलेला मुंबईकर आम्हाला मोठ्या मनानं दोन गर दाखवत म्हणतो, “खास गोव्याचे.” आम्ही खातो. ओळखीची चव लागते. बोलत नाही.

उलट दिशेनं येणारा माल मात्र नावानिशी येतो. चंदगडच्या रस्त्यावर रात्री एखादा टेम्पो पकडला जातो, वर काजूची बोंडं किंवा भुसा, खाली खोकी. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, ‘गोवा बनावटीची दारू जप्त’. मराठी वृत्तपत्रांनी ‘बनावट’ हा शब्द इतक्या आदरानं दुसऱ्या कुठल्या मालाला लावलेला नाही.

तीन राज्यांच्या बेचक्यात राहण्याचे असे फायदे-तोटे. शिनोळीच्या पुढं गेलं की मोबाईल आपोआप कर्नाटकात स्वागत करतो. घाटाच्या बाजूला गेलं की कधीमधी गोव्याला नेऊन सोडतो. पेट्रोल कुठल्या बाजूला स्वस्त आहे हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. सीमाप्रश्न तापला की आधी एसटी थांबते, मग पुढारी थांबवले जातात, मग टीव्हीवाले येतात. महाराष्ट्र सरकारचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. तोवर सोयरीक थांबत नाही. अलीकडची वरात पलीकडे जाते, वाजंत्री त्यांच्या रस्त्यावर आमची गाणी वाजवतात आणि आमची माणसं त्यांच्या पंक्तीत बसून भाताला नावं ठेवतात.

आयर्लंडातल्या त्या नटलेल्या खेड्यांत पेटिगो नावाचं एक गाव आहे. १९२१ ला आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा गावातून वाहणारी टर्मन नावाची छोटी नदी सरहद्द ठरली. अलीकडे डोनेगॉल परगणा, आयर्लंड. पलीकडे फर्माना परगणा, ब्रिटनचं राज्य. पुलावरून चालत गेलं की देश बदलतो. त्या सरहद्दीवर एके काळी लोण्याची चोरटी आयात-निर्यात चालायची. लोण्याची! हे वाचल्यावर मला त्या लोकांबद्दल आपुलकीही वाटली आणि थोडी काळजीही. आमच्या एक्साइजच्या माणसांनी टेम्पो थांबवून ताडपत्री उचलली आणि खाली लोणी निघालं, तर त्यांच्यावर मानसिक आघात होईल.

नद्यांनाही इथं एक राज्य पुरत नाही. पश्चिमेच्या कड्यावर पडलेला पाऊस तिलारीच्या वाटेनं कोकणात आणि गोव्याकडे जातो. पूर्वेचा ताम्रपर्णीत आणि घटप्रभेत उतरतो, कर्नाटकात शिरतो, कृष्णेला मिळतो आणि बंगालच्या उपसागरापर्यंत मजल मारतो. एकाच कौलाच्या दोन बाजूंनी पडलेलं पाणी दोन समुद्रांना जातं. आमच्याकडे पाऊस एवढा पडतो, की छपराखालून वाटणी होईपर्यंत थांबायला त्याला वेळ नसतो.

या ताम्रपर्णीच्या काठावर कोवाड आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीनं कोवाडची बाजारपेठ पाण्यात बुडवली तेव्हा टीव्हीवाल्यांनी हे नाव पहिल्यांदा उच्चारलं, तेही ‘कोवड’ असं. मराठी वाचकाला खरं म्हणजे हे नाव तोंडपाठ असायला हवं. ८ एप्रिल १९२८ ला रणजित देसाईंचा जन्म इथला. त्यांची ‘स्वामी’ १९६२ ला आली, १९६४ ला तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढं ‘श्रीमान योगी’, ‘राधेय’, १९७३ ला पद्मश्री. पण माझ्या मते देसाईंचा खरा पराक्रम वेगळाच. पेशवे पुण्याचे, शनिवारवाडा पुण्याचा, माधवराव नि रमाबाई पुण्याचे, आणि त्या दोघांपायी अख्ख्या महाराष्ट्राला रडवलं ते चंदगड तालुक्यातल्या कोवाडच्या माणसानं. पुण्याच्या बाबतीत दुसऱ्या कुणी काही सांगितलेलं पुणेकरांनी मुकाट्यानं ऐकून घेतल्याचं इतिहासात हे एकमेव उदाहरण असावं. तेही हुंदके देत.

मोठा लेखक झाला की माणूस मुंबई-पुण्याला सरकतो. कमीत कमी कोल्हापूरपर्यंत तरी. देसाई कोवाडचे म्हणूनच ओळखले गेले. त्यांना भेटायला मातब्बर माणसं कोवाडला यायची. म्हणजे बेळगावात उतरून, धक्के खात, विचारत विचारत. त्या काळात ज्यांनी ही वारी केली, त्यांच्या आठवणींत साहित्यचर्चा कमी आणि आदरातिथ्य जास्त आढळतं. रस्ता लक्षात घेता हे योग्यच.

बाकीच्यांना मात्र राहणं परवडलं नाही. शेती डोंगरउताराची, नाचणी आणि भात, पाऊस चार महिने कोसळणार आणि आठ महिने तोंड फिरवणार. तेव्हा आज्यांच्या पिढीनं गिरणीचा भोंगा जवळ केला. मुंबईत गिरणगावात गावाची खोली असायची. गावकीनं घेतलेली, दहा बाय बाराची. तीत वीस-पंचवीस माणसं पाळ्या लावून राहायची. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या जागेवर रात्रपाळीवाला पडायचा, अंथरूण थंड व्हायचं नाही. गावात जी भांडणं बांधावरून व्हायची ती तिथं ट्रंक ठेवायच्या जागेवरून व्हायची आणि ती सोडवायला पंचही तेच असायचे. १९८२ च्या संपानं गिरण्या बसल्या, खोल्या राहिल्या. आता त्याच खोलीत नातू राहतो आणि मॉलमध्ये कामाला जातो. गणपतीत नि जत्रेला तो गावी येतो, चार दिवस हवा चांगली असल्याचं सांगतो आणि पाचव्या दिवशी नेटवर्क नाही म्हणून परततो.

माणसं चाललीत असं दिसल्यावर जागा रिकामी राहते थोडीच? २००२ च्या सुमाराला कर्नाटकच्या जंगलातून हत्ती इकडे आले. दोडामार्गात उतरले, चंदगडात फिरले, पुढं आजऱ्यापर्यंत पोचले. ज्या तालुक्यात यायला माणसं वशिला लावून नकार देतात, तिथं हे स्वखुशीनं हजर झाले आणि रमले. ऊस आवडला. केळी आवडली. फणसाचं तर त्यांना इतकं कौतुक, की आमच्या मोठ्या फणसांबद्दल मी वर जे म्हटलं त्याला आता तटस्थ साक्षीदार आहे.

आमच्या लोकांची पंचाईत वेगळीच झाली. ऊस मोडलेला बघून तोंडात येते शिवी, आणि समोर उभा असतो गणपती. आजऱ्याकडे एका टस्कराचं नावच लोकांनी ‘चाळोबा गणेश’ ठेवलं, म्हणजे ग्रामदैवत आणि गजानन एकाच अंगावर. रात्री हाकारा घालायला माणसं निघतात, हातात पत्र्याचे डबे, फटाके, टेंभे. एकजण ओरडतो, “हाकला रे त्याला!” आणि लगेच दुसरा, “अरे, जरा नीट बोल की!” उसाच्या फडात अर्धा एकर आडवा झालेला असतो आणि मालकाची आई कडेला हात जोडून उभी असते. नुकसानभरपाईचा अर्ज आणि नारळ एकाच पिशवीतून येतात.

असाच एक पंचनामा चालू होता. पावसाची सर यायच्या बेतात. वनखात्याचा कर्मचारी बांधावर बसून लिहीत होता, नवा होता, नुकताच विदर्भातून बदलून आलेला. शेतकरी आण्णा कमरेवर हात ठेवून आडव्या उसाकडे बघत होते. गट नंबर झाला, क्षेत्र झालं, पिकाचं नाव झालं. हत्ती कुठून आला असावा, कुठं गेला असावा, असं त्यानं विचारलं.

“लिव्हा,” आण्णा म्हणाले. “कायमचा पत्ता कर्नाटक. सध्या मुक्काम आमच्या फडात.”

“आणि परत कधी जाणार, काही अंदाज?”

आण्णांनी त्याच्याकडे नीट बघितलं. भिजलेले बूट, नवी कोरी टोपी, खिशातून डोकावणारा, दांडी न दाखवणारा मोबाईल.

“आपल्या मर्जीनं आलाय त्यो, साहेब. बदलीचा अर्ज तुमचा असंल तर बोला.”

सर आली. साहेबांनी वही पोटाशी धरली आणि दोघं काजूच्या झाडाखाली पळाले. पलीकडे, फडाच्या आतून, ऊस मोडल्याचा आवाज पुन्हा यायला लागला.